विश्रांतीचा खर्च आणि भुकेची रेषा

सेनगाव तालुक्यातील कोरडवाहू शिवारात सोयाबीनची सोंगणी आणि मळणी उरकली की ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा आधीच खर्ची पडलेली असते. भांडीकुंडी, पांघरुणे आणि लहान मुले वाहनात घालून ही माणसे पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील कारखान्यांच्या फडावर जातात. पहाटेच्या काळोखात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, हा त्यांचा चार-पाच महिन्यांचा क्रम. या कष्टांचा हिशेब टनावर होतो. त्यातून उचल वळती होते आणि उरलेच तर हातात पडते. परंतु रात्री कोपीत अंग टाकल्यावर त्या शरीराला निव्वळ जिवंत राहण्यासाठी किती खर्च येतो, हा हिशेब कारखान्याच्या वहीत नसतो, मुकादमाच्या नसतो आणि शासनाच्याही वहीत तो नीट मांडलेला नाही.

काम केले तरच अन्न लागते, रिकाम्या माणसाला काय लागते, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. शरीरशास्त्र याच्या उलट सांगते. माणूस निपचित पडलेला असतानाही हृदय चालू असते, फुप्फुसे चालू असतात, यकृत आणि मूत्रपिंडे आपापले काम करीत असतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या काळातील खर्चात तो सुमारे एक-पंचमांश. बैठे काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या ऊर्जाव्ययापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश भाग या विश्रामखर्चाचा असतो. अतिकष्टाचे काम करणाऱ्याच्या बाबतीतही तो चाळीस टक्क्यांहून अधिक असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हा शरीराचा स्थिर खर्च होय. कारखाना बंद असला तरी भाडे, व्याज आणि यंत्रांचा घसारा चुकत नाही. तसे काम मिळाले नाही म्हणून शरीराचे हे देणे थांबत नाही. फरक एवढाच, की कारखानदार घसारा आधी वजा करतो आणि मग नफा मोजतो. मजुराच्या बाबतीत काम झालेल्या दिवसाची मजुरी तेवढी मोजली जाते. काम नसलेल्या दिवसाचा स्थिर खर्च त्याच्या आणि त्याच्या बायकामुलांच्या पोटातून वसूल होतो.

हा खर्च मोजण्याचा प्रयत्न नवा नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने सेगँ या सहकाऱ्याच्या साहाय्याने माणूस विश्रांतीत आणि श्रमात किती प्राणवायू वापरतो याची मोजणी केली, ती १७८९ साली, म्हणजे राज्यक्रांतीच्याच वर्षी. त्या निबंधात तो केवळ आकड्यांपाशी थांबला नाही. अंगमेहनतीवर जगणारा गरीब माणूस आपले शरीर अधिक झिजवतो, तरी त्याच्या वाट्याला कमी अन्न का यावे आणि ज्याची झीज कमी त्या श्रीमंताच्या घरी विपुलता का असावी, असा प्रश्न त्याने तेथेच उपस्थित केला, आणि दोष निसर्गावर न टाकता समाजाच्या व्यवस्थेकडे बोट दाखविले. म्हणजे या मोजणीच्या जन्मापासूनच तिच्यात न्यायाचा प्रश्न गुंतलेला आहे. पुढे शास्त्र वाढले, उपकरणे सुधारली आणि तो प्रश्न मात्र मागे पडला.

आजची मोजणीची रीत तत्त्वतः तीच आहे. शेवटच्या जेवणानंतर दहा-बारा तासांनी, सकाळी, ना थंड ना उष्ण अशा खोलीत माणसाला जागेपणी स्वस्थ पडू द्यायचे आणि त्याने किती प्राणवायू वापरला ते पाहायचे. एक लिटर प्राणवायूमागे सुमारे पाच उष्मांक, म्हणजे व्यवहारातील कॅलरी, असा हिशेब पडतो. परंतु लाखो माणसांना असे झोपवून मोजता येत नाही. म्हणून वय, लिंग आणि वजन यांवरून अनुमान करण्याची सूत्रे तयार झाली. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचे अमेरिकेतील सूत्र १९१९ सालचे. पुढे स्कोफील्ड याने जुन्या मोजण्यांचे संकलन करून नवी सूत्रे बसविली आणि १९८५ साली अन्न व शेती संघटना, जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या संयुक्त अहवालाने ती जगासाठी स्वीकारली. त्या संकलनातील सुमारे निम्मी निरीक्षणे इटालियन माणसांची होती आणि त्यांत सैनिकी व पोलीस प्रशिक्षणार्थींचा भरणा मोठा होता. जगातील सर्व माणसांच्या विश्रांतीचे माप अशा रीतीने युरोपातील धट्ट्याकट्ट्या तरुणांच्या अंगावरून निघाले.

हे माप भारतीयांना सैल होते, असे येथील मोजण्यांत आढळले. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ गटाने १९९० च्या सुमारास त्यातून पाच टक्के वजावट केली. २०२० च्या नव्या शिफारशींत संदर्भपुरुषाचे वजन ६० वरून ६५ किलो करण्यात आले, आणि तरीही बैठे काम करणाऱ्या पुरुषाची दैनिक गरज २०१० च्या २३२० उष्मांकांवरून २११० वर उतरली. वजन वाढले आणि गरज घटली, ती हालचालीचा गुणक कमी धरला म्हणून आणि विश्रामखर्चातील वजावट वाढली म्हणून. येथे कोणाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मोजणीत जे आढळले ते शास्त्रज्ञांनी नोंदविले. प्रश्न त्या आकड्यापुढचा आहे. भारतीय शरीर विश्रांतीत कमी खर्च करते, या निरीक्षणाचा अर्थ काय लावायचा? त्याला कमी लागते असा, की त्याला कमी मिळत आले असा?

या प्रश्नावर चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुण्यातच एक मोठा वाद झाला होता. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील दोघा अभ्यासकांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दरडोई दररोज २२५० उष्मांक मिळवून देणारा किमान खर्च ही दारिद्र्याची कसोटी धरली होती. १९६०-६१ च्या किमतींना हा खर्च ग्रामीण भागात वर्षाला १८० रुपये आणि शहरांत २७० रुपये पडत होता. आणि ग्रामीण जनतेपैकी ४० टक्के व शहरी जनतेपैकी ५० टक्के लोकांना तेवढेही परवडत नव्हते. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांक ही मानके ठरविली.

डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवरच आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेला हा थोर संख्याशास्त्रज्ञ अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचा दीर्घकाळ प्रमुख होता. त्यामुळे त्यांचे मत वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते. एकाच माणसाची गरज दिवसागणिक आणि आठवड्यागणिक कमीजास्त होते, शरीर काही मर्यादेपर्यंत कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी समजणे चूक आहे. सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून जी खालची मर्यादा येईल तीच कसोटी धरावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. शुद्ध पाणी व स्वच्छता नसेल तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, हे त्यांचे दुसरे म्हणणे तर आजही शिरोधार्य आहे. दांडेकरांनी १९८० नंतरच्या आपल्या लेखांतून सुखात्म्यांच्या कसोटीचा कठोर समाचार घेतला. व्यक्तीच्या गरजेतील चढउतार समूहाच्या सरासरीत एकमेकांना छेदतात. ज्या समूहाची सरासरीच वर्षानुवर्षे खालच्या मर्यादेला चिकटून राहते, त्याला आपण फक्त चढउतारातील उतार पाहत आहोत असे म्हणता येत नाही. याच काळात डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने लहान पण निरोगी शरीराची कल्पना मांडली. तिचे तात्पर्य असे, की गरिबांची खुजी अंगकाठी हा आजार नसून परिस्थितीशी साधलेला मेळ आहे.

जुळवून घेणे हा शब्द ऐकायला सौम्य आहे. त्याची किंमत काय असते, ते अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी मोजून दाखविले. युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने चोवीस आठवडे अर्धपोटी राहणे पत्करले. त्यांची वजने सुमारे चौथाईने घटली आणि विश्रामखर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. म्हणजे शरीराने खरोखरच जुळवून घेतले! पण त्याबरोबर अंग सतत गार पडू लागले, हृदयाचे ठोके मंदावले, काही करण्याची इच्छा मावळली, चिडचिड आणि खिन्नता वाढली, आणि मनात अन्नाखेरीज दुसरा विषय उरला नाही. त्या खर्चकपातीचा मोठा भाग शरीर खंगल्यामुळे झाला होता. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपोषित मजुरांच्या ज्या मोजण्या केल्या, त्यांतही कमी विश्रामखर्चाचे प्रमुख कारण शरीराचे लहानपण आणि स्नायूंची तूट हेच दिसते. दिवा कमी तेलात तेवढाच उजेड देतो असे येथे घडत नाही. वात बारीक केलेली असते.

आता हे आकडे सेनगावच्या शेतमजूर स्त्रीला लावून पाहू. तिचे वय पंचवीस आणि वजन ४२ किलो धरू. भारतीय सूत्राप्रमाणे, म्हणजे वजनाला १४ ने गुणून त्यात ४७१ मिळविले असता, तिचा विश्रामखर्च दिवसाला १०५९ उष्मांक येतो. अतिकष्टाच्या कामासाठी २.३ हा गुणक लावला की एकूण गरज सुमारे २४३५ होते. तीच स्त्री परिषदेच्या संदर्भस्त्रीप्रमाणे ५५ किलोची असती तर विश्रामखर्च १२४१ आणि एकूण गरज सुमारे २८५० आली असती. दोहोंतील अंतर रोजचे चारशेहून अधिक उष्मांकांचे, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम ज्वारीचे. महिन्याला ही ज्वारी साडेतीन किलोंच्या पुढे जाते. आहे त्या वजनावरून गरज काढावी की असावयास हव्या त्या वजनावरून, या एका निर्णयाने तिच्या ताटातील एक मोठी भाकरी कमीजास्त होते.

यातील चक्र ध्यानात घेण्यासारखे आहे. अन्न कमी म्हणून वजन कमी. वजन कमी म्हणून सूत्रातून निघणारी गरज कमी. गरज कमी म्हणून मानक खाली. मानक खाली म्हणून गरिबांची संख्या कमी आणि त्यांच्यासाठी करावयाची तरतूदही कमी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीने घडविलेले शरीर हेच पुढच्या पिढीच्या वाट्याचे माप ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची वाढ खुंटलेली आढळली आणि प्रौढ स्त्रियांपैकी २०.८ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कमी वजनाच्या निघाल्या. या शरीरांची सरासरी काढून तिला भारतीय गरज असे नाव देणे म्हणजे सावकाराने आपल्याच वहीवरून कर्ज खरे ठरविण्यासारखे आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ज्या स्त्रीची उंचीच लहानपणी खुंटली, तिला ५५ किलोंपर्यंत नेणे वैद्यकीयदृष्ट्या इष्ट नाही. अशा शरीरावर नुसत्या धान्याचा भार टाकला तर मधुमेहासारखे विकार वाढतील. हे खरे आहे. परंतु मानक म्हणजे एका रुग्णाला सांगितलेले पथ्य नव्हे. त्यावर पुढील वीस वर्षांची मजुरी, धान्य आणि अर्थसंकल्प ठरावयाचा असतो, आणि त्या वीस वर्षांत त्या स्त्रीची मुलगी वाढावयाची असते. मुलीची उंची तरी खुंटू नये, एवढी तरतूद मानकात असलीच पाहिजे. राहिला प्रश्न नुसत्या धान्याचा; तर त्याचे उत्तर डाळ, तेल, दूध आणि भाजी हे आहे, भाकरी काढून घेणे हे नाही.

व्यवहारात मात्र उलट दिशेने वाटचाल झाली आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने डॉ. अॅक्रॉइड यांच्या शिफारशीवरून किमान वेतनासाठी प्रौढ माणसामागे २७०० उष्मांक धरले होते. २०१९ साली अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ते २४०० वर आणण्याची शिफारस केली. आता कष्टाची कामे कमी झाली, हे त्याचे एक कारण. देशाच्या सरासरीने ती कमी झाली असतीलही. पण उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या स्त्रीला त्या सरासरीचा काय उपयोग? दारिद्र्यरेषेचीही तीच कथा. १९७९ नंतर उष्मांकांचा हिशेब पुन्हा मुळापासून न करता जुन्या रकमेला केवळ महागाईचा निर्देशांक लावण्यात आला. परिणामी रेषेवरचा माणूस प्रत्यक्षात मानकापेक्षा कितीतरी कमी खात राहिला. २००९ साली तेंडुलकर समितीने रेषेचा आणि उष्मांकांचा संबंधच सोडून दिला. तिच्या रेषेप्रमाणे २०११-१२ साली ग्रामीण भागात दरडोई दररोज २७ रुपये खर्च करणारा माणूस गरीब राहत नव्हता. २०१४ साली रंगराजन समितीने उष्मांक परत आणले, ते ग्रामीण भागासाठी २१५५.

अन्नसुरक्षा कायद्याचेही असेच. २०१३ च्या या कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही; अनेक घरांची चूल त्यावर पेटते. पण ५ किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, म्हणजे सुमारे पावणेसहाशे उष्मांक. वर उल्लेखिलेल्या ४२ किलोच्या स्त्रीचा विश्रामखर्चच १०५९ आहे. तिने दिवसभर काडीही न हलविता पडून राहायचे ठरविले, तरी या धान्याने त्याची निम्म्याहून थोडीच अधिक भरपाई होते. उरलेला विश्रामखर्च आणि कामाचा सारा खर्च तिने मजुरीतून भागवायचा. आणि मजुरी तर वर्षातील काही महिनेच मिळते. पूर्वी रानातील ज्वारी घरी येत असे. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यापासून शेत असलेल्या घरालाही धान्यासाठी बाजाराचे तोंड पाहावे लागते. सोयाबीनचे पोते गिरणीकडे जाते. त्याची भाकरी होत नाही.

स्त्रीच्या बाबतीत तर विश्रांती हा शब्दच तपासून घ्यावा लागतो. गरजेची कोष्टके दिवसाचे तीन भाग करतात: आठ तास झोप, आठ तास कामधंदा, आठ तास इतर. या इतर आठ तासांत पुरुष बहुधा पारावर बसतो. बाई हंड्याने पाणी आणते, सरपण गोळा करते, भाकरी थापते, लेकरू कडेवर घेते. श्रीलता बाटलीवाला यांनी १९८२ साली कर्नाटकातील खेड्यांच्या आकडेवारीवरून दाखवून दिले होते, की गावातील एकूण मानवी श्रमात स्त्रियांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. गर्भारपणात दररोज आणखी ३५० आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत आणखी ६०० उष्मांक लागतात, असे परिषदेचीच शिफारस सांगते. फडावर गरोदर बाईला मिळणारा दर मात्र टनाचाच असतो.

महाराष्ट्राला या विचाराचे वावडे नव्हते. १९७२ च्या दुष्काळी कामांवर मजुरांना मजुरीखेरीज सुकडी वाटली गेली, कारण उपाशी शरीर खडी फोडू शकत नाही हे तेव्हा प्रशासनालाही कळले होते. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आलेल्या आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याच्या रूपाने अमलात आलेल्या रोजगार हमीने तर काम मागण्याचा हक्कच मान्य केला. पुढे राष्ट्रीय रोजगार हमी फेब्रुवारी २००६ मध्ये ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत हिंगोली होता. मात्र या कामांचे दरपत्रक सरासरी सशक्त मजूर सात तासांत किती माती खणील यावर बसविलेले असे. ४२ किलोच्या बाईने तेवढेच तास घाम गाळला, तरी खड्डा लहान पडतो आणि हजेरीपटावर मजुरी कमी लागते. गरज मोजताना तिच्या लहान शरीराकडे बोट दाखवायचे आणि मजुरी मोजताना मोठ्या शरीराचे माप लावायचे, हा दुहेरी न्याय होता. दोन्ही वेळा तोटा तिचाच.

म्हणून मागणी साधी आहे. किमान वेतन, दारिद्र्यरेषा आणि धान्याचा हक्क ठरविताना गरज सुदृढ शरीराच्या वजनावरून काढावी, खंगलेल्या सरासरीवरून नव्हे. दैनिक मजुरीचा दर ठरविताना कामाविना जाणाऱ्या दिवसांचा विश्रामखर्च त्यात धरावा. सार्वजनिक कामांवर मोजमापाच्या दराखाली वेळेच्या दराचा किमान आधार असावा. रेशनवर धान्याबरोबर डाळ आणि तेल द्यावे, आणि मराठवाड्यात ज्वारी हमीभावाने पुरेशी खरेदी करून ती तेथल्याच दुकानांतून वाटावी. ऊसतोडीच्या टनाच्या दरात गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळी तरतूद असावी आणि तिचा भार कारखान्याने उचलावा.

यांतील प्रत्येक गोष्टीला पैसा लागेल, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. परंतु हा खर्च आजही होतोच आहे. तो सेनगावच्या वस्त्यांत मुलांच्या उंचीतून, बायांच्या रक्तातून आणि चाळिशीत म्हाताऱ्या दिसू लागणाऱ्या माणसांच्या हाडांतून भागविला जातो. तो सरकारी वहीत कोठे मांडायचा, एवढाच निर्णय बाकी आहे.